हिरीच्या नावाची हाक

चंद्रावती माझी धाकटी जाऊ. तिचं नाव मी घेते, कारण आता मला अडवणारं कोणी उरलं नाही. मधली काही वर्षं डहाणूच्या आमच्या मांगेलवाड्यात हे नाव तोंडातून काढायची चोरी होती. का होती, तेच सांगायला बसले आहे. मध्ये कोणी बोलू नका, मला धागा सुटला की राग येतो.

माझा दीर मोतीराम तांडेल होता. होडीवरचा मुख्य माणूस म्हणजे तांडेल. बोलायला मोठा. भरती-ओहोटी, वारा, व्यापारी, देव, सगळ्यांशी भांडायचा. समुद्रावरून होडी येताना आधी त्याचा आवाज यायचा, मग शीड दिसायचं. त्याची पहिली बायको हिरी. ती आमच्याच वाड्यातली, चार घरं सोडून. दोघं लहानपणी चिखलात कालवं शोधत फिरायची, तेव्हापासून 'हिरी, हिरी' करत हा तिच्या मागे. लग्न झालं आणि तीन पावसाळे नाही झाले तर तापानं गेली. पोर नाही, बाळ नाही.

मग चिखल्याहून चंद्रावती आणली. आमच्यात बिजवराला पोरगी दिली की तिच्या गळ्यात आधीच्या बायकोचा चांदीचा टाक घालतात. बोटाच्या पेराएवढा, वर बाईचा चेहरा उठवलेला. मेलेल्या सवतीनं नांदत्या बाईला त्रास देऊ नये म्हणून. सणाला पहिलं पान तिच्या नावानं वाढायचं, नवं लुगडं आधी टाकाला दाखवायचं, मग आपण नेसायचं. चंद्रावतीनं हे सगळं मुकाट्यानं केलं. मी असते तर एकदा तरी कुरकुर केली असती. ती नाही. बोलायचंच कमी ती. मोतीराम दोघांचं बोलून टाकायचा. तिलाही पोर झालं नाही, आणि पोर न झालेल्या बाईचं सासरी काय असतं ते मी नको सांगायला.

होळीनंतरचे दिवस होते. बोंबील वलांडीवर वाळत टाकले होते, म्हणजे बांबू बांधून दोऱ्या ताणलेल्या असतात, त्यावर. मोतीराम खाली बसून फाटलं जाळं सांधत होता आणि आमच्या ह्यांना शिव्या घालत होता, की तुम्ही जाळं खडकावर का नेलंत. आमचे हे म्हणजे त्याचा थोरला भाऊ. शिवी अर्धी राहिली. मी वर पाहिलं तर सुई हातातून गळलेली आणि तोंड एका बाजूला ओढलेलं. हसतोय की काय असं वाटलं मला. मग तो उजव्या अंगावर कलंडला.

डहाणू रोडला स्टेशनाजवळ डॉक्टर होते, त्यांच्याकडे बैलगाडीतून नेला. त्यांनी डोळे बघितले, पाय ठोकले. म्हणाले, डोक्यातली शीर गेलीय, उजवं अंग गेलं, जीव वाचेल. चंद्रावतीनं विचारलं, "बोलतील का?" ते म्हणाले, "जीभ चांगली आहे बाई. शब्द सापडत नाहीत त्याला. तुम्ही बोलता ते समजतंय, तुम्ही बोलत राहा." आम्ही मान डोलावली. जीभ चांगली आणि शब्द सापडत नाहीत, म्हणजे काय, ते आमच्या कोणाच्या डोक्यात शिरलं नाही. शब्द काय घरात हरवलेली किल्ली आहे?

पुष्कळ दिवस तो नुसता पडून होता. नुसता घशातला आवाज. मग एका सकाळी चंद्रावती त्याला पेज भरवत होती, मी दारात मासे निवडत होते, आणि आतून स्वच्छ, पहिल्यासारख्या आवाजात ऐकू आलं, "हिरी."

माझ्या हातातली कोयती थांबली. मी आत गेले. तो चंद्रावतीकडे बघत होता आणि म्हणत होता, "हिरी. हिरी." चंद्रावतीनं पेजेचा चमचा पुन्हा भरला आणि त्याच्या तोंडाला लावला.

त्यानंतर तेवढंच. पाणी हवं, "हिरी." उन्हं अंगावर आली, "हिरी." आमचे हे होडी घेऊन निघाले की त्यांना वारा बघा म्हणून सांगायचं असेल, तरी "हिरी, हिरी, हिरी," आणि डाव्या हातानं आभाळाकडे बोट. आख्खा माणूस होता त्याच्या आत, दार मात्र एकच उघडं राहिलेलं, आणि त्यावर पाटी मेलेल्या बायकोची.

चंद्रावतीनं त्यातून वाट काढली. कशी काढली देव जाणे. मला सगळ्या हाका सारख्याच वाटायच्या. ती म्हणायची, "लांबवून म्हणतात ते पाणी, जाऊबाई. तोडून म्हणतात ते कूस बदलायची. आणि खाली मान घालून म्हणतात ना, ते नुसतं बसायला बोलावतात." मग ती जाऊन बसायची. दिवसभराचं सांगायची त्याला, बाजारात कोण भांडलं, पापलेट कोणी कसं नेलं. तो मध्येमध्ये "हिरी" म्हणायचा, हुंकार दिल्यासारखा. जी बाई त्याच्यासमोर कधी चार वाक्यं बोलली नव्हती, ती आता घर भरून बोलायची. मला बघून बरं वाटायचं, खरंच.

एकदा मात्र ती मला म्हणाली, "इतक्या वर्षांत ह्यांनी मला नावानं हाक मारली नाही. कोणाचा नवरा मारतो? अगं म्हणायचे, ऐकलंस का म्हणायचे. आता दिवसभर नावानं हाक मारतात, तर नाव दुसरीचं." मी म्हटलं, "मग राग नाही येत?" ती म्हणाली, "हाक मलाच आहे ना." आणि टोपली उचलून चालू लागली.

एवढ्यावर राहिलं असतं तर काही बिघडलं नसतं. पण श्रावणात माझी नणंद आली, मालूवन्स. झाईला दिलेली, दोघा भावांहून मोठी, मोतीरामवर जीव. जीव होता हे मी नाकारत नाही. पण जीव असला म्हणून अक्कल असतेच असं नाही. तिनं उंबऱ्यातून आत पाऊल टाकलं, भावानं डोळे भरून पाहिलं आणि म्हणाला, "हिरी."

मालूवन्सनी ऊर बडवून घेतला. "थोरलीनं धरलाय माझ्या भावाला. ही बया तिचं पान वाढत नसणार."

मी म्हटलं, "वन्स, वाढते ती. मी डोळ्यांनी बघते दर सणाला."

"मग तो तिचं नाव का घेतो? ह्या चंद्रावतीचं का नाही घेत?"

डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलं तर त्या म्हणाल्या, डॉक्टरला सवत कुठे कळते. मग खाटेशी बसून भावाला विचारू लागल्या, "हिरी दिसते का रे तुला?" त्यानं मान डोलावली. "तिनंच धरलंय?" मान डोलावली. तो सगळ्यालाच मान डोलवायचा तेव्हा, हो आणि नाही यांची गल्लत व्हायची त्याची. मी पुढे होऊन म्हटलं, "मोतीराम, तू कोंबडी आहेस का?" त्यानं माझ्याकडेही मान डोलावली, आणि लगेच चेहरा कसानुसा केला, कारण प्रश्न कळला होता त्याला. वन्स म्हणाल्या, "आजाऱ्याची थट्टा करतेस, सोनूबाई, तोंडाला किडे पडतील." बरं, पडू देत.

तलासरीकडच्या पाड्यावरून लाहू भगत आणला. म्हातारा, डोळे बारीक, बोलायला हळू. कौल बघायला सुपात तांदळाचे दाणे टाकून जोडीजोडीनं सरकवत बसला. मोतीराम त्याला बघून दोनदा "हिरी" म्हणाला. भगत म्हणाला, "थोरली भुकेली आहे. ती शांत होईस्तो धाकटीनं ह्याच्यासमोर येऊ नये."

एवढंच बोलला तो. बाकीचं वन्सनी जोडलं. अविधवा नवमीला, पितरांच्या पंधरवड्यात, हिरीच्या नावानं सवाष्ण जेवू घालायची. त्यानंतर भावाला होडीतून झाईला न्यायचं, आपल्या घरी. आणि चंद्रावतीला तिचा भाऊ पांड्या येऊन चिखल्याला घेऊन जाईल. "पोर ना बाळ, काय ठेवायचंय तिला इथं," असं म्हणाल्या. आमच्या ह्यांनी खाली मान घातली. भगताचं आणि थोरल्या बहिणीचं एकदम मोडायची छाती नव्हती त्यांच्यात. मी त्या दिवशी त्यांना काय काय बोलले ते इथं सांगत नाही.

नवमीपर्यंत चंद्रावती माझ्या घरात राहिली. दोन घरांमध्ये कारवीचा कूड, शेणामातीनं सारवलेला. पलीकडे खाट. दिवस उगवला की पलीकडून सुरू व्हायचं, "हिरी. हिरी." ही इथं कुडाला पाठ लावून बसायची, तोंडावर पदर दाबून. मग हळूच मला म्हणायची, "पाणी, जाऊबाई." मी तांब्या घेऊन पलीकडे जायची, तो घटाघटा प्यायचा. "पाठ अवघडलीय." मी जाऊन कूस बदलायची. असा त्या दोघांनी कुडाआडून संसार केला, मी मधली हमाल. पण ज्या हाकेला बसायला जायचं असायचं, तिला काय करणार? मी जाऊन बसले की तो तोंड फिरवायचा.

मालूवन्स काही वाईट करत नव्हत्या हो. भावानं "हिरी" म्हटलं की देव्हाऱ्यातून टाक आणायच्या. चंद्रावतीच्या गळ्यातून तो त्यांनी काढूनच घेतला होता. त्याच्या छातीवर ठेवायच्या, "ही बघ, आली हिरी." तो डाव्या हातानं झटकून टाकायचा. की वन्स रडायच्या, थोरली रागावलीय म्हणून. पुढे त्यांच्या लक्षात आलं की मी वेळेवर पाणी कशी आणते. तेव्हा मलाही दार बंद झालं. मग त्यानं पेज घेणं सोडलं. गालाची हाडं वर आली. हाका मात्र सुटल्या नाहीत, आवाज बसेपर्यंत मारायचा.

नवमीच्या आदल्या दिवशी चंद्रावतीनं गाठोडं बांधलं. दोन लुगडी आणि एक फणी, काय असणार. मी म्हटलं, "तू काही बोलत का नाहीस? भांड की. मी आहे तुझ्या पाठीशी." ती म्हणाली, "त्यांनी कुठल्याही नावानं हाक मारलेली चालेल मला, जाऊबाई. पण ओ द्यायला तरी देतील का मला?" आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा रडली. मीही रडले. लाज कसली त्यात.

नवमीला वन्सनी सगळं यथासांग केलं. पाट मांडला, रांगोळी, पान, वडे, तांदळाची खीर. शेजारची बायजी सवाष्ण म्हणून बसवली, हिरवं लुगडं नेसवून, तिची ओटी भरून. हिरीचं सगळं हिरीच्या जागी बसलेल्या बाईला पोचतं, अशी आमची समजूत. शेवटी नवऱ्यानं आपल्या हातानं कुंकू लावायचं आणि पहिला घास भरवायचा, मग थोरली शांत. लाहू भगत कोपऱ्यात सूप घेऊन बसला. मोतीरामला खांबाला टेकवून बसवलं. पांड्या दाराशी उभा, बहिणीला न्यायला आलेला. मी त्या दिवशी घुसले आत, मला कोण अडवतंय.

वन्सनी कुंकवाचा करंडा त्याच्या डाव्या हातात दिला. "लाव. ही हिरी."

त्यानं बायजीकडे बघितलं. ती बिचारी घाबरून घाम पुसत होती. त्यानं करंडा खाली ठेवला आणि म्हणाला, "हिरी."

"हीच रे. हीच हिरी. लाव कुंकू."

"हिरी," तो म्हणाला. या वेळी कुडाकडे बघून. आणि डाव्या हातानं पान सरकवलं, खीर सांडली. पितरांचं पान सांडणं म्हणजे केवढा अपशकुन. बायका मागे सरकल्या. वन्स मटकन खाली बसल्या. तो मात्र थांबेना. "हिरी, हिरी," आवाज फाटलेला, मान ताणलेली, आणि त्या बसल्या अंगानं कुडाकडे सरकू बघत होता. आमचे हे त्याला धरायला धावले.

तेवढ्यात कुडापलीकडून आवाज आला, "ओ."

मोठ्यानं नाही. शेतात कोणी हाक मारल्यावर बाई देते तसा. मोतीराम जागच्या जागी गप्प झाला.

चंद्रावती दारातून आत आली. पांड्यानं हात धरला तिचा, तो तिनं सोडवला. डोक्यावर पदर, गाठोडं काखेतच. कोणाकडे न बघता पाटाशी आली आणि म्हणाली, "बायजी, ऊठ." बायजी उठली, ती वाटच बघत होती. चंद्रावती पाटावर बसली.

वन्सना कंठ फुटला. "तुला समोर यायला मनाई आहे. ऊठ तिथून. ते पान हिरीचं आहे."

"मला बोलावतायत. मी आले."

"तुझं नाव हिरी आहे का?"

चंद्रावतीनं सांडलेली खीर पदरानं टिपली. मग म्हणाली, "आजपासून आहे. तुमच्या थोरलीला सांगा, मी तिच्या पानावर जेवते, तिच्या नावाला ओ देते. तिनं माझ्याआडून जेवावं, माझ्याआडून नांदावं. मला माझं नाव नको."

मोतीरामनं करंड्यात बोट बुडवलं. डावा हात, सवय नाही, कुंकू कपाळभर पसरलं, नाकावर सांडलं. मग वडा मोडला आणि तिच्या तोंडात घातला. तिनं खाल्ला. तो हसला, त्या वाकड्या तोंडानं, आणि म्हणाला, "हिरी," मान खाली घालून, हळू. ते मलासुद्धा कळलं.

सगळे भगताकडे बघू लागले. लाहू भगत दाणे सरकवत होता. खूप वेळ सरकवले त्यानं. मग सूप उचलून झटकलं आणि म्हणाला, "थोरली जेवली." उठताना वन्सना म्हणाला, "आता हिला दुसऱ्या नावानं हाक मारू नका. ती परत उठेल." त्याला खरंच दाण्यांत दिसलं, की त्याला माणसं दिसली, हे मी आजपर्यंत ठरवू शकले नाही. विचारायला पाहिजे होतं. पण तो गेला आपल्या वाटेनं.

भगत आणल्यावर भगताचं मोडता येत नाही. मालूवन्स दुसऱ्या दिवशी एकट्याच झाईला गेल्या. जाताना टाक तिच्या गळ्यात परत घातला आणि म्हणाल्या, "येते गं, हिरी." पांड्या निघाला तेव्हा सवयीनं म्हणाला, "येतो चंद्रे," तर वाड्यातल्या बायका त्याच्या अंगावर धावल्या.

पुढे आठ-नऊ वर्षं काढली दोघांनी. उंबरगाव गुजरातेत गेलं, आमचं डहाणू महाराष्ट्रात राहिलं, त्या साली तो काठी घेऊन किनाऱ्यापर्यंत चालू लागला होता. ती बोंबील वाळत घालायची, तो सावलीत बसून वलांडीवर टाकायला बोंबलांच्या जोड्या लावून द्यायचा, एका हातानं. थोडे शब्दही परत आले त्याला. "चल" आलं. "हां" आलं. आणि गुजराती व्यापाऱ्याला घालायची एक शिवी आली, ती मात्र अगदी साफ, पूर्वीसारखी. व्यापारी भाव पाडायला लागला की तो ती घालायचा, आणि चंद्रावती तोंडाला पदर लावून हसायची. मी तिला म्हणायची, शिवी येते तर तुझं नाव नाही का येणार, शिकव की त्याला. ती म्हणायची, "चार माणसांत नवऱ्यानं बायकोचं नाव घ्यायचं? लाज नाही का वाटायची?" हसून टाळायची. मला वाटतं भीत होती ती. नाव बदललं तर पुन्हा कोणी येऊन सूप मांडेल म्हणून.

आम्ही सगळे तिला हिरी म्हणू लागलो. आधी भगताच्या भीतीनं, मग सवयीनं. नव्या सुना आल्या, त्यांना तर दुसरं नाव माहीतच नव्हतं. मी चुकून कधी चंद्रा म्हणायची, तर ती वळायची नाही. मी मुद्दाम म्हणायची, आणि ती मुद्दाम वळायची नाही.

मोतीराम गेला तो पुन्हा तसाच, बसल्या बसल्या. दुसऱ्या झटक्यात तो एक शब्दही गेला. शेवटचे काही दिवस नुसता बघायचा. ती शेजारी बसून बोलत राहायची, बाजाराचं, वाऱ्याचं, आणि मध्ये मध्ये आपणच थांबायची, त्याच्या हुंकारासाठी जागा ठेवून. हुंकार यायचा नाही. मग पुढचं सांगायची.

प्रेत बाहेर काढलं तेव्हा वाड्यातल्या बायका गळे काढून रडत होत्या, "हिरीचं कुंकू गेलं गो, हिरीचं कुंकू गेलं." मला सहन झालं नाही. मी ओरडले त्यांच्यावर, "हिरी मरून जमाना झाला. ही चंद्रावती आहे. कुंकू हिचं गेलंय, निदान आज तरी हिचं नाव घ्या."

चंद्रावतीनं माझा हात धरून मला खाली बसवलं. म्हणाली, "असू दे, जाऊबाई. कोणत्याही नावानं हाक मारू दे आता. मारणारा गेला."

ती त्यानंतर पुष्कळ जगली. मी हाक मारली की यायची, काम करायची, माझ्या चुलीशी बसून जेवायची. पण हाकेला ओ कधी दिली नाही.